चार थाऊ

आमच्या घरात इंग्रजी वाचायचं काम माझं होतं. औषधाच्या बाटलीवरचं बारीक अक्षर, बँकेचा फॉर्म, विजेच्या बिलामागचे नियम, सगळं माझ्याकडं यायचं. मी वाचून सांगितलं की ते खरं, कुणी उलटून विचारत नसे. शाळेत मी इतकी गप्प असे की हजेरीला बाई माझं नाव दोनदा पुकारत. घरात मात्र माझा शब्द छापील कागदासारखा चालायचा. लहान वयात ह्याचं सुख वाटतं. पुढं कधीतरी त्याची भीती वाटायला हवी होती. ती वाटली नाही.

आम्ही मूळचे करमाडकडचे. शेत कंपन्यांच्या प्लॉटांत गेलं तेव्हा मी चार वर्षांची होते आणि दादा दहा. आलेल्या पैशातून शहरात, मुकुंदवाडीला दोन खोल्या झाल्या आणि मला इंग्रजी शाळेत घातलं. दादा झेडपीच्या शाळेतून आलेला. त्या वयात त्याला इंग्रजी शाळेनं घेतलं नसतं, म्हणून कुणी विचारायलाही गेलं नाही. ह्यात कुणाची चूक नव्हती. पण एकाच ताटलीत भाकरी मोडणारी दोन मुलं दोन भाषांत वाढली. मला अजूनही एकोणसाठ म्हणजे किती हे थांबून मोजावं लागतं, आणि दादाला इंग्रजीत छापलेलं काहीही दिसलं की तो आधी माझ्याकडं बघतो. तो मला मॅडम म्हणायचा. चिडवायला म्हणून सुरू केलेलं, नंतर तेच नाव पडलं.

मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते तेव्हा दादा टोस्ट-खारीची लाइन करायचा. होलसेलवाल्या शेठकडून पहाटे माल उचलायचा, मोटरसायकलच्या दोन्ही बाजूंना पोती बांधायची, मागं बिस्किटांचे खोके, आणि ठरलेल्या रस्त्यावरच्या चहाच्या हॉटेलांना, किराणा दुकानांना टाकत जायचं. त्या ठरलेल्या रस्त्याला लाइन म्हणतात. दादाची लाइन करमाडची. रस्ता सपाट, पण तिथं आणखी तिघं माल टाकायचे, त्यामुळं प्रत्येकाच्या वाट्याला थोडं थोडंच येई.

मग सिल्लोडची लाइन मोकळी झाली. आधीचा माणूस गावी निघून गेला होता. सिल्लोड तालुक्याचं गाव, बाजार मोठा, स्टँडवर हॉटेलं ओळीनं. ती लाइन ज्याला मिळते तो दोन वर्षांत स्वतःचा टेम्पो घेतो, असं सगळे म्हणायचे. शेठनं दादाला सांगितलं, "आठ दिवस बघतो. सकाळी साडेसातच्या आत स्टँडवर माल पाहिजे. हॉटेलवाल्यांचं आपल्यावर काय प्रेम नाय. जो आधी येईल त्याचा टोस्ट बरणीत." आठ दिवस कधी सुरू करायचे ते दादानं ठरवायचं, पण महिन्याच्या आत.

बाबांचं मन दुसरीकडं होतं. त्यांनी एका ठेकेदाराशी बोलून ठेवलं होतं. शेंद्र्याच्या बाजूला एका कंपनीत माल चढवा-उतरवायचं काम होतं. त्या कंपनीच्या भिंतीआड आमची विहीर होती. आता ती बुजवलेली आहे, वर पार्किंग आहे.

"लाइन जमली तर लाइन कर," बाबा म्हणाले. "नाय जमली तर गुमान कंपनीत ये."

"आपल्याच विहिरीवर हजेरी लावू का मी?" दादा म्हणाला.

बाबांनी पायात चपला घातल्या आणि बाहेर गेले. म्हणजे गोष्ट ठरली, लाइन जमली नाही तर कंपनी.

अडचण एकच होती, सिल्लोडच्या वाटेवरचा चौक्याचा घाट. कारमध्ये बसलेल्याला तो घाट वाटतही नाही. पण दादाची गाडी शंभर सीसीची, बारा वर्षं वापरलेली. माल लादून ती घाटात दुसऱ्या गिअरवर यायची, मग पहिल्या, आणि वरच्या वळणावर असं वाटायचं की आता उतरून ढकलावी लागेल. दादानं एकदा माल घेऊन जाऊन पाहिलं. सिल्लोडला पोचायला सव्वाआठ झाले. परत आल्यावर म्हणाला, "घाटात एक म्हातारं शेळ्या घेऊन चाललं होतं. मला म्हणतंय, बसू का मागं, का तूच येतोस माझ्यासंगं?"

नवी मोठी गाडी घेणं शक्यच नव्हतं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक मेकॅनिक होता, त्यानं तोड सांगितली. त्याच कंपनीच्या मोठ्या गाडीचा पिस्टन ह्या इंजिनात बसतो. सिलिंडर तेवढा बोअर करून, म्हणजे आतून कातून मोठा करून घ्यायचा. कार्बोरेटर जुन्या बाजारात मिळेल. मागचं चेनचं चक्र बदलायचं. नव्या गाडीच्या दहाव्या हिश्श्यात काम होईल.

आईला एवढंच कळलं की गाडीला बोअर मारायचा आहे. ती तवा घासत होती. म्हणाली, "शेतात तीन बोअर मारले तुझ्या बापानं, एकालाबी पाणी नाय लागलं. आता गाडीत मारतोस व्हय?"

आम्ही दोघं हसलो. मला ते हसणं आठवतं, कारण त्या काळात आम्ही बऱ्याच वेळा एकत्र हसलो.

मेकॅनिक म्हणाला होता की हे काम त्यानं कधी केलेलं नाही, ऐकलेलं आहे. "नेटवर बघा, लई लोकांनी केलंय." नेटवर जे होतं ते इंग्रजीत होतं. म्हणून दादा माझ्याकडं आला. रोज संध्याकाळी माल टाकून आला की हातपाय धुऊन उंबऱ्यावर माझ्याशेजारी बसायचा. मी फोनवर वाचायचे, मराठीत सांगायचे, तो वहीत लिहायचा. लिहिणारी माणसं कुठल्या कुठल्या देशांतली होती. त्यांच्या फोटोंमधली गॅरेजं आमच्या घरापेक्षा मोठी. आणि तिथंही गडी कुरकुरत होते की पैसे कमी आहेत, भागवायचं कसं. दादाला त्याची मोठी मौज वाटायची. "हे बघ मॅडम, ह्यांच्याकडंबी नाय. आपण एकटे नाय." मी वाचताना अडखळले तर तो थांबायचा. एखादा शब्द मला येत नसला तर मी तसं सांगत नसे, अंदाजानं काहीतरी बोलून पुढं जायचे. त्याला ते कळायचं कारण नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा माझा मोठा भाऊ माझ्याकडून काही शिकत होता. ते पंधरा दिवस संपू नयेत असं मला वाटायचं, हे लिहायला आता लाज वाटते.

एक आकडा सगळ्यात महत्त्वाचा, असं प्रत्येक पानावर होतं. पिस्टन आणि सिलिंडरची भिंत ह्यांच्यामध्ये किती फट ठेवायची. फट कमी झाली तर तापून पिस्टन अडकतो. जास्त झाली तर तो आत हलतो, इंजिनातलं ऑइल वर चढतं आणि जळतं, निळा धूर येतो, ताकद जाते. एका मोठ्या तक्त्यात आमच्या पिस्टनच्या ओळीत मला तो आकडा सापडला. मी एका कागदावर स्वच्छ अक्षरात लिहिला: 0.04. माझं अक्षर चांगलं आहे. शाळेत त्याबद्दल बक्षीस मिळालं होतं.

बोअरिंगचं काम करणारे एक चाचा शहरातल्या रोशन गेट भागात होते. गल्लीत ओळीनं खरादी, म्हणजे लेथ मशिनची दुकानं, त्यातलं शेवटचं त्यांचं. दादा म्हणाला, "तूबी चल. काय इंग्लिश विचारलं तर मी काय सांगू?" मी गेले. गल्लीत दुसरी बाईमाणूस नव्हती. मी दाराच्या आत एक पाऊल ठेवून उभी राहिले, ओढणी दोन्ही हातांनी धरून. जमिनीवर लोखंडाचा कीस पडलेला, चपलेखाली करकरत होता.

चाचांनी चष्मा दोरीनं गळ्यात बांधला होता, पण डोळ्याला लावत नव्हते. पिस्टन हातात घेतला, बोटानं कड फिरवली, सिलिंडरमध्ये सोडला आणि कान जवळ नेला. जणू आत कुणी बोलत होतं.

"कित्ता रखना?" त्यांनी विचारलं.

दादानं माझा कागद उघडला. "पॉइंट झिरो चार. चार लिहिलंय, चाचा."

"चार थाऊ?" चाचांनी पिस्टन खाली ठेवला. "चार बहोत होता, भाई. इस गाडी कू हम डेढ़ रखते. ज्यादा से ज्यादा दो."

"चाचा, बहन ने नेट से निकाला है," दादा म्हणाला. त्याचा आवाज तेव्हा कसा होता ते मी विसरलेले नाही. आमच्या घरात कुणीही माझ्याबद्दल असं परक्या माणसाला सांगितलं नव्हतं. "पहले से इंग्लिश मिडियम में है. वो जो फॉरेन के लोग है ना, वो चार रखते."

चाचा माझ्याकडं वळले. "बेटा, चार लिखे हैं?"

थाऊ हा शब्द मी पहिल्यांदा ऐकत होते. इंग्रजीत ज्या अक्षरांनी तो लिहितात तीच अक्षरं आमच्या शाळेच्या सकाळच्या प्रार्थनेत होती. तिथं त्यांचा उच्चार 'दाऊ' होता आणि अर्थ होता 'तू', म्हणजे देव. तो दाऊ मी बारा वर्षं हात जोडून म्हटला. खरादीवरचा थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, हे मला कुणी शिकवलं नव्हतं आणि मी विचारलं नाही. मला वाटलं, पॉइंट झिरो असं लांबलचक म्हणण्याऐवजी हे लोक थाऊ म्हणत असतील. चार थाऊ म्हणजे माझाच चार. मग हे बहोत का म्हणतात, असं एकदा मनात आलं. विचारायचं तर दुकानातल्या सगळ्यांसमोर मोठ्यानं बोलावं लागलं असतं, आणि दादासमोर मला काहीतरी येत नाही हे दिसलं असतं.

त्यांनी विचारलं होतं, चार लिहिले आहेत का. चार लिहिलेले होतेच. मी मान हलवली.

चाचांनी पिस्टन पुन्हा उचलला. मग म्हणाले, "पढ़े-लिखे लोगां हैं, सही बोलते होंगे." त्यांनी सिलिंडरवर खडूनं ४ काढला आणि माझी चिठ्ठी भिंतीवरच्या तारेत, बाकी चिठ्ठ्यांवर खोचली. चाळीस वर्षं त्यांचे हात दीड म्हणत आले होते. एका कॉलेजातल्या पोरीनं तोंडही न उघडता ते चार केले.

इंजिन जोडलं तेव्हा पहिल्या किकमध्ये सुरू झालं. आतून टकटक असा बारीक आवाज येत होता. दादा म्हणाला, "खुळखुळा घातलाय का आत?" मेकॅनिक म्हणाला, "नवीन काम हाय, बसंल." मी वाचून दाखवलं होतं की पहिले पाचशे किलोमीटर हळू चालवायची. दादानं ते पथ्यासारखं पाळलं. करमाडच्या सपाट रस्त्यावर रोज चाळीसच्या वर काटा जाऊ दिला नाही. त्या दिवसांत बाकीच्या तिघांनी त्याची बरीच दुकानं खाल्ली. त्यानं खाऊ दिली. त्याची नजर सिल्लोडवर होती.

आठ दिवस सुरू व्हायच्या आधीच्या रविवारी तो मला चौक्याच्या घाटात घेऊन गेला. "पोती कशाला वाया घालवू? तू हायेस की पन्नास किलोची," तो म्हणाला. खोके बांधायची जाळी त्यानं माझ्यामागं तशीच ठेवली होती. घाटाच्या पायथ्याशी त्यानं गिअर बदलला नाही. तिसऱ्यावरच गाडी चढली. वळणावर ती खेचत होती, हे मला पाठीला कळत होतं. दादा हसायला लागला. हेल्मेटमधून ते हसणं घुमल्यासारखं ऐकू येत होतं. "मॅडम," तो ओरडला, "ते शेळ्यावालं म्हातारं बघ कुठं हाय का."

मी मागं वळून बघितलं. म्हातारं नव्हतं. आमच्यामागं रस्त्यावर निळसर धुराची एक पट्टी होती, वळणापर्यंत गेलेली.

निळा धूर म्हणजे काय, हे दादाला मीच वाचून दाखवलं होतं. त्यानं ते वहीत लिहूनही घेतलं होतं. पण चालवणारा पुढं बघतो, आणि मागचं मला दिसत होतं. वर पोचल्यावर त्यानं गाडी बंद करून विचारलं, "कशी हाय?" मी म्हणाले, "चांगली आहे." तो इतका खूश होता. मी स्वतःला सांगितलं की नवीन काम आहे, बसेल. मेकॅनिकचं वाक्य मी उसनं घेतलं.

पहिले तीन दिवस तो सातला, सव्वासातला पोचला. स्टँडवरच्या एका हॉटेलवाल्यानं त्याला फुकट चहा पाजला, हे त्यानं घरी येऊन दोनदा सांगितलं. चौथ्या दिवशी टकटक वाढली. पाचव्या दिवशी ऑइल टाकून निघाला आणि परत येईपर्यंत ते अर्ध्यावर आलं. सहाव्या दिवशी घाटाच्या मधोमध गाडी बंद पडली. प्लग काढला तर ऑइलनं काळा, ओला. तो पुसून, वाळवून, पुन्हा लावून निघाला, वरच्या वळणावर पुन्हा बंद. सिल्लोडला पोचला तेव्हा साडेनऊ झाले होते आणि बरण्या दुसऱ्या कुणाच्या टोस्टनं भरलेल्या होत्या. सातव्या दिवशीही तेच. आठवा दिवस शेठनं येऊ दिला नाही.

"माझ्या खारीपेक्षा तुझी गाडी जास्त तेल पिती," शेठ म्हणाले. मालाच्या ढिगाशी उभे असलेले सगळे हसले, असं दादा म्हणाला. लाइन एका तीनचाकी टेम्पोवाल्याला गेली.

मेकॅनिकनं इंजिन उघडलं. पिस्टन बोटानं हलवून दाखवला, तो खरंच हलत होता, सैल दातासारखा. "लई ढिलं झालंय. दीड थाऊ पाहिजे होतं. हे चार तर नक्कीच हाय."

"चार लिहिलंच होतं," दादा म्हणाला. "मॅडमनं वाचून काढलंय, ते बरोबरच हाय. चाचानं चारच्या जागी सहा मारलं असणार."

मी बाजूला उभी होते. मी मेकॅनिकला विचारलं, आणि त्याच्याशी मी स्वतःहून बोललेलं ते पहिलंच वाक्य असेल, "थाऊ म्हणजे किती?"

"इंचाचा हजारावा," तो म्हणाला.

घरात जाऊन मी फोनवर तो तक्ता पुन्हा उघडला. अगदी वर, पहिल्या ओळीच्याही वर, बारीक अक्षरात लिहिलं होतं की सगळी मापं मिलिमीटरमध्ये आहेत. मी हिशेब केला. पॉइंट झिरो चार मिलिमीटर म्हणजे दीड थाऊ. दीडच्या किंचित वर. चाचा जे म्हणत होते, तेच. परदेशातली ती माणसं आणि रोशन गेटचे चाचा एकच गोष्ट सांगत होते. मध्ये मी होते.

शाळेत आम्हाला विज्ञानाला एक बाई होत्या. उत्तराला एकक लिहिलं नाही तर त्या अर्धा मार्क कापायच्या आणि वर्गात विचारायच्या, "चार काय? चार आंबे? चार शेळ्या?" माझे अर्धे मार्क कधी कापले गेले नाहीत. परीक्षेत मी कधी विसरले नाही.

मी बाहेर येऊन सांगायला हवं होतं. दादा ओट्यावर बसून होता, दोन्ही हात ऑइलचे, कुठं पुसावेत हे न कळल्यासारखे गुडघ्यांवर धरलेले. आई आतून म्हणाली, "म्हणलं होतं ना, आपल्या बोअरला पाणी नाय." कुणी हसलं नाही. मी पाण्याचा तांब्या त्याच्याजवळ ठेवला आणि आत गेले.

दुसऱ्या दिवशी तो सिलिंडर घेऊन चाचांकडं निघाला. मलाही नेलं. "तुझी चिठ्ठी तिथं तारेत हाय. पुरावा हाय आपल्याकडं," म्हणाला. तिथं तो खूप ओरडला. शेजारच्या दुकानांतली माणसं दाराशी आली. चाचांनी सिलिंडरमध्ये माप घातलं, दादाला दाखवलं. "देखो. बराबर चार."

"मग गाडी धूर कायको मारती?"

चाचांनी तारेवरून माझी चिठ्ठी काढली. ह्या वेळी चष्मा लावला. बराच वेळ ते त्या तीन आकड्यांकडं बघत राहिले. मग चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. मी जमिनीवरच्या किसाकडं बघत होते.

"हौ," ते म्हणाले, "मेरी ग़लती. अगले साइज़ का पिस्टन लाओ, मैं फोकट में मार देता."

"आता काय उपयोग?" दादा म्हणाला. "लाइन गेली माझी." आणि सिलिंडर तिथंच टाकून बाहेर पडला. चाचांनी चिठ्ठी पुन्हा तारेत खोचली. मी दादाच्या मागं चालू लागले.

पुढच्या महिन्यात तो कंपनीत लागला. गळ्यात फोटोचं कार्ड, पायात त्यांनी दिलेले बूट. मला एकदा म्हणाला की विहिरीची जागा त्यानं शोधून काढली, तिथं साहेबांच्या गाड्या लागतात. नंतर त्यानं तो विषय काढला नाही. चाचांचा विषय मात्र तो जागोजागी काढायचा. कंपनीत, चहाच्या टपरीवर, मेकॅनिककडं. रोशन गेटच्या खरादीवाल्यानं माझं इंजिन खाल्लं, चार सांगितलं तर सहा मारलं. चार मोजून दाखवले होते, हे तो गाळायचा. मला वाटतं त्याच्या आठवणीतूनही ते गेलं होतं. आमच्या बाजूची पोरं बोअरिंगला दुसरीकडं जायला लागली.

वर्ष होत आलं तेव्हा मी एका दुपारी कॉलेजातून परस्पर चाचांकडं गेले. जमिनीवर पूर्वी सिलिंडरांची रांग असायची. त्या दिवशी एकही नव्हता. ते कुठल्याशा पाण्याच्या पंपाचा दांडा कातत होते. मला बघून त्यांनी मशिन बंद केलं.

मी बसमध्ये वाक्यं पाठ केली होती. "चाचा, उस चिठ्ठी में मिलीमीटर था. मैंने लिखा नहीं."

"मालूम है," ते म्हणाले. "उसी दिन समझा, जब तुम्हारा भाई चिल्लारा था."

"मग तुम्ही... फिर आप बोले क्यों नहीं?"

"भाई के सामने बहन कू क्या बोलना?" ही गोष्ट मला माहीत नसावी ह्याचं त्यांना नवल वाटल्यासारखं दिसलं. "मैं सोचा, घर जा के तुम बोल देंगे. बोले क्या?"

मी मान हलवली. नाही.

"फिर मेरे कू कायकू बोलरे, बेटा? मेरे कू तो मालूम था."

ते रागावलेले नव्हते. रागावले असते तर मला परत येणं सोपं गेलं असतं. त्यांनी मशिन सुरू केलं. भिंतीवरच्या तारेत चिठ्ठ्या होत्या, माझी त्यांत खाली कुठंतरी असेल. मी शोधली नाही.

घरी येताना मी ठरवलं की आज सांगायचंच. रविवारी सांगू, असं मग ठरवलं. रविवारी करमाडहून आमच्या नात्यातले एक काका आले. त्यांचा मुलगा दूध घालतो, त्याची गाडी चढावर दम टाकते, इंजिन जरा मोठं करायचं म्हणत होते. दादा एकदम सरसावून बसला. बऱ्याच दिवसांनी तो इतकं बोलत होता. पिस्टन कुठला घ्यायचा, कार्बोरेटर कुठं मिळतो, पाचशे किलोमीटर कसं हळू चालवायचं, मी वाचून दाखवलेलं त्याला सगळं पाठ होतं.

"फक्त त्या रोशन गेटच्या चाचाकडं जाऊ नका," तो म्हणाला. "लई हलगर्जी माणूस. चार लिहून दिलं होतं ह्या मॅडमनी, स्वच्छ अक्षरात. त्यानं आपल्या मनानं मारलं. व्हय ना, मॅडम?"

मी चहाचे कप गोळा करत होते. काका माझ्याकडं बघत होते, दादा बघत होता. आई चुलीशी होती, तीही थांबली असावी, कारण आतला आवाज बंद झाला.

मी मान हलवली.

"बघा," दादा काकांना म्हणाला, "ती कधी खोटं बोलत नाय."